रिकाम्या झोळ्या

पुढे मी देशोदेशी हिंडले. भांडणाऱ्या दोन बाजूंना एका टेबलाशी बसवायचं, हीच माझी नोकरी. हे कुठे शिकलात, असं कोणी विचारलं की मी श्रीगोंदा म्हणते. विचारणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

बहात्तरच्या दुष्काळात मी भिंगारहून तिथल्या एका पाझर तलावाच्या कामावर समाजसेविका म्हणून रुजू झाले. वय लहान, तोंड मोठं. बायका खडी फोडायच्या आणि तान्ही मुलं शेजारीच उन्हात ठेवायच्या. एकदा कपची उडून एका बाळाच्या कपाळाला लागली, तेव्हा मी लिंबाखाली पाळणाघर काढलं. सांभाळायला एक बौद्ध बाई नेमली. तिचा पाय दगडाखाली सापडला होता, खडी फोडणं तिला जमणार नव्हतं. पाळणाघर चाललं नाही तर मुकादम तिला घरी बसवणार होता, आणि घरात कमावणारी ती एकटीच.

शेतकऱ्यांच्या बायकांनी मुलं दिली नाहीत. कारण कोणी बोललं नाही, पण मला कळलं आणि माझं डोकंच फिरलं. मी भाषण ठोकलं. पालथ्या घड्यावर पाणी! मग हट्टानं प्रत्येक बाळासाठी एकेक झोळी लिंबाला टांगली. म्हटलं, बघून तरी लाज वाटेल.

दुपारी वारा सुटला, झोळ्या हलायला लागल्या, तशा बायका हातोडे टाकून माझ्यावर धावून आल्या. "रिकामी झोळी हलवत्यात व्हय, बाई? लेकराला बाधतं!" शिकलेल्या बाईला एवढंही माहीत नव्हतं. झोळ्या उतरवाव्यात तर पाळणाघर बंद. तेवढ्यात पाळणाघराची बाई लंगडत उठली. ढिगातून एकेक धोंडा आणून तिनं प्रत्येक झोळीत ठेवला, बाळाला निजवावं तसा, हलक्या हातानं. झोळ्या थांबल्या. बायका कामाला गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यातली एक आली. तिनं धोंडा काढला, मूल ठेवलं. माझ्याकडे न बघता त्या बाईला म्हणाली, "रडला तर हाक मार." हळूहळू बाकीच्याही आल्या. तिची नोकरी टिकली. पाण्याचे माठ मात्र वेगळेच राहिले, त्याचा राग मला अजून येतो.

एक आई शेवटपर्यंत आली नाही.

"सोड ती झोळी आता," मी चिडून पाळणाघराच्या बाईला म्हणाले. "ती काही यायची नाही."

"ऱ्हाऊ द्या, बाई. इटाळ ती मानती. लेकरानं काय केलंय?"

काम संपेपर्यंत तो धोंडा तिथेच होता. वारा सुटला की ती आधी त्या झोळीला हात लावून बघायची.