सासऱ्यांच्या होकायंत्रातल्या दोन रेघा

मी पुसदला कॉलेजात फिजिक्स शिकवतो. भुताखेतांच्या गोष्टींवर हसणं हा माझा जवळजवळ धंदाच. तरी हे लिहितोय... कारण इतकी वर्षं झाली, डोक्यातून जात नाही.

सासुरवाडी मुकुटबनजवळच्या खेड्यात. कापसाची ती वाईट वर्षं. मेहुणा कापसाची गाडी घेऊन खरेदी केंद्राच्या रांगेत अडकलेला. सासरे रिटायर्ड फौजी, पण अलीकडे विसरायला लागलेले. त्या दिवशी शेतातल्या मचाणावर म्हणून गेले, ते अंधार पडला तरी परतले नाहीत. घरी सासूबाई आणि मी.

त्यांना शोधायला जायचं म्हणून खुंटीवरचं त्यांचं फौजी होकायंत्र घेतलं. त्याची खुबी त्यांनीच शिकवलेली. रात्री आकडे वाचायचे नाहीत. तबकडीभोवतीची फिरती कडी दिवसाच दिशेवर लावून ठेवायची. अंधारात सुईवरची आणि कडीवरची अशा दोन चमकत्या रेघा जुळवायच्या, की नाकासमोर चालायचं. कडी कायम मचाणाच्या दिशेला लावलेली. फक्त रेघांचं रेडियम केव्हाच विझलं होतं, म्हणून टॉर्च घेतला. निघताना सासूबाईंनी माझ्या शर्टाच्या खिशात अडकित्ता सरकवला.

"लोखंड राहू द्या जवळ, जावईबापू. बाहेरचं लागत नाही."

मी हसलो, पण राहू दिला.

कापसाच्या उंच पऱ्हाटीत मध्येच टॉर्च गेला. लोडशेडिंगमुळे गावात एक दिवा दिसेना. मी खरंच घाबरलो. होकायंत्र छातीशी धरलं — आणि दोन्ही रेघा हिरव्या चमकत होत्या! काही न सुचून त्या जुळवत चालत राहिलो. मचाण आलंच नाही. आला नाला... आणि काठाखाली पाय मोडून पडलेले सासरे.

डोकं चाललं ते दुसऱ्या दिवशी. खिशातला अडकित्ता होकायंत्राला अगदी लागून होता. सुई वळणारच. ही चूक मी पोरांना परीक्षेत विचारतो! बरोबर चाललो असतो तर रिकाम्या मचाणावर पोचलो असतो, आणि सासरे सकाळपर्यंत... नकोच ते.

पण उजेड? अंधाऱ्या खोलीत कितीदा तरी करून पाहिलं. अडकित्ता जवळ नेला की सुई वळते. रेघा मेलेल्याच. भास म्हणून सोडूनही दिलं असतं, पण दवाखान्यात सासरे म्हणाले, "मी त लांबूनच पाह्यलं. हिरवा उजेड येऊन राह्यलता. मले वाटलं, कोणी बॅटरी घेऊन येते."

सुई का वळली ते फळ्यावर समजावून देईन. पुढचं मला आजही माहीत नाही. सासूबाई अजून निघताना अडकित्ता देतात. मी आता हसत नाही, खिसा पुढे करतो.