सगळं येतं त्याला

मागच्या उन्हाळ्यात मी न्हाणीत घसरून पडलो. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. आवाज ऐकून माझा थोरला मुलगा आला. त्याची चाळिशी उलटली आहे, पण बुद्धी लहान पोराची राहिली, जन्मापासून. मी त्याला म्हणालो, शेजारी जा, कुणाला तरी हाक मार. तो गेला नाही. माझ्या उशाशी बसला आणि माझ्या अंगावरच्या माश्या हाकलत राहिला. मी ओरडलो, शिव्या दिल्या. तो हाकलतोच आहे. ऊन दारातून आत आलं तरी हाकलतोच आहे. शेवटी शेजारीण दूध घालायला आली. मला तसा उघडा पाहून ती आल्या पावली फिरली आणि नवऱ्याला घेऊन आली.

त्याची आई होती तोवर मला या गोष्टी कळल्याच नाहीत. त्याला न्हाऊ घालणं, नाडी बांधणं, रात्री उठवून बाहेर नेणं, सगळं ती करायची. मी फक्त त्याची इस्त्री केलेली कापडं बघायचो. शिनोलीच्या बाजारात माझ्या मागून तो चालला, की लोकांना लांबून तो धडधाकट गडी दिसायचा, आणि मला तेवढंच पाहिजे होतं. कुणी विचारलं, थोरला काय करतो, तर मी सांगायचो, शेती बघतो. माझ्या तोंडावर हसायची कुणाची टाप नव्हती. ती गेल्यावर हे सगळं माझ्या अंगावर पडलं, आणि न्हाणीत पडलो त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं, की मी उठलोच नसतो तर हा माश्या हाकलत किती वेळ बसला असता.

मुलगी लोणीला दिली आहे. पडल्याचं ऐकून ती आली, आणि चहा ठेवता ठेवता म्हणाली, नारायणगावच्या बाजूला एक ठिकाण आहे. दादासारखी मोठी माणसं तिथं राहतात. रोपवाटिकेसाठी पिशव्यांत माती भरतात, पाकिटं चिकटवतात, त्यांना न्हाऊ-खाऊ घालायला माणसं आहेत. सोमवारी सोडायचं, शनिवारी आणायचं. मग मला कळलं, की ही मला चोरून वर्षभर शोधत होती. गावात औषधं वाटणाऱ्या आशाताईला विचारलं, पंचायतीत विचारलं. एका शाळेत गेली तर ते म्हणाले, अठरा वर्षांपर्यंतच घेतो. एका ठिकाणी फक्त बायका. पुण्यात जागा होती, पण तिथं टाकलं की वर्षातून दोनदा भेट. अठरा वर्षांनंतर ही माणसं कुठं जातात हे कुणालाच सांगता येईना, असं ती म्हणाली. जणू ती मोठीच होत नाहीत.

मला राग आला. पोराला टाकून आला असं गाव म्हणेल. मी म्हणालो, "माझ्या घरात अजून चूल पेटतीय."

ती म्हणाली, "पेटवतंय कोण, आबा?"

महिनाभर शेजारीणच भाकऱ्या टाकून देत होती. मी विचारलं, तिथं घ्यायला काय लागतं?

त्या ठिकाणी घ्यायचं तर सरकारी दवाखान्याचा दाखला लागतो. माणसाला किती टक्के अपंगत्व आहे ते त्यावर लिहितात. आम्ही तो कधी काढलाच नव्हता. त्याची आई म्हणायची काढू, मी म्हणायचो, माझ्या पोरावर शिक्का मारून घेणार नाही. आता मुलीने मोबाइलवर सगळं भरलं, पुण्याची तारीख मिळाली. ती सोबत यायला निघाली तर मीच नको म्हणालो. तुझी घरची कामं सोडू नको, मी काय पुणं पाहिलं नाही का?

जायच्या आधी मी त्याची तयारी करून घेतली. दाढी केली, केस कापले. नाडी नको म्हणून इलॅस्टिकची पँट आणली. नाव काय, गाव कोणतं, वडील काय करतात, हे रोज विचारायचो आणि बरोबर सांगितलं की गुळाचा खडा द्यायचो. माझ्या डोक्यात एकच, पुण्याच्या लोकांनी त्याला हसू नये.

तिथं एक बाई होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी त्याच्याकडून ठोकळे लावून घेतले, चित्रं ओळखून घेतली, आणि मग मला प्रश्न विचारायला लागल्या. हाताने जेवतो का? आंघोळ स्वतः करतो का? कपडे घालता येतात का? पैसे कळतात का?

आता आमच्याकडची रीत अशी, की मुलगी बघायला पाव्हणे आले, की ते विचारतात आणि घरचा वडीलधारा सांगतो. भाकरी येते का? येते. शिवण? येतं. शेतातलं? सगळं येतं. मुलगी चुलीपुढं कधी बसली नसेल तरी येतं म्हणायचं. आपल्या घरचं उणं परक्यापुढं आपण काढायचं नाही, ज्याला काढायचं तो काढील. बहिणी अशाच दाखवल्या, मुलगी अशीच दाखवली. ती बाई विचारायला लागली आणि माझ्या तोंडून तेच निघालं.

"सगळं येतं त्याला," मी म्हणालो. दुकानातून साखर आणतो, हेही सांगून टाकलं. दुकानात तो आयुष्यात एकटा गेलेला नाही.

बाईंनी दोनदा विचारलं, बाबा, नक्की ना? मला वाटलं, ही माझ्या पोराला कमी समजते. मी आणखी ताठ झालो.

दाखला आला तर टक्के कमी भरले होते. मला केवढा आनंद झाला. कमी टक्के म्हणजे पोरगा कमी वेडा, हा माझा हिशेब. पारावर चारचौघांत मी सांगितलं, पुण्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय, त्याला फारसं काही नाही. त्यावर एक जण म्हणाला, "मग आता सोयरीक बघायची का, आबा?" सगळे हसले. मी पण हसलो, तेव्हा मला त्यातला टोमणा कळला नाही.

मुलीने दाखला वाचला आणि ओट्यावर बसली. मग म्हणाली, "आबा, तुमी त्याला पास करून आणलंत. आता त्याला कुणी घ्यायचं न्हाई."

एवढ्या टक्क्यांवर ते ठिकाण त्याला घेऊ शकत नव्हतं. पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख. त्या मधल्या दिवसांत माझा गुडघा सुजला. रात्री त्याला बाहेर न्यायला उठता येईना, आणि रोज सकाळी अंथरूण वाळत घालावं लागायचं. मी ते मागच्या कुडावर घालायचो, कुणाला दिसू नये म्हणून.

दुसऱ्या वेळेला मुलगी बरोबर आली. ती कागद जमा करायला खिडकीवर गेली आणि आम्ही दोघं आत. त्याच बाई. त्यांनी मला ओळखलं, पण मागचं काही काढलं नाही. एवढंच म्हणाल्या, "बाबा, दादाला थोडा वेळ बाहेर बसवू का? तुम्हाला मोकळं बोलता येईल."

मी म्हणालो, "राहू द्या. त्याला काय कळतंय."

आणि मग मी सांगत सुटलो. आंघोळ येत नाही. नाडी येत नाही. दात मी घासतो. शौचानंतर मलाच धुवावं लागतं. पैसे दाखवले तर नोट फाडतो. एकट्याला सोडलं तर गाव सापडणार नाही. मी न्हाणीत पडलो तर नुसता बसून राहिला. एक एक गोष्ट मी बाजारात माल ओतावा तशी त्या टेबलावर ओतत होतो. मागच्या वेळी कमी पडलं, या वेळी पडायला नको, एवढंच डोक्यात. तो माझ्या शेजारच्या खुर्चीत होता. आधी बाईंकडे बघत होता, मग मान खाली घातली, मग हळूहळू सगळं अंगच भिंतीकडे वळवलं.

मी म्हणालो, रात्री अंथरूण ओलं करतो.

तो भिंतीकडे बघतच म्हणाला, "आबा, नको."

मी थांबायला पाहिजे होतं. बाई लिहीत होत्या. थांबलो तर टक्के जातील असं वाटलं, आणि रोज ओलं करतो, हे पण मी सांगितलं.

बाईंनी पेन खाली ठेवला. म्हणाल्या, "त्यांना कळतंय, बाबा."

माणसाला घराबाहेर कुणी चपराक मारावी तसं मला झालं. आणि चपराक मारणाऱ्याचा काही दोष नव्हता.

येताना एसटीत तो बहिणीजवळ बसला. नेहमी माझ्या शेजारी बसतो, खिडकी पाहिजे म्हणून भांडतो. मंचर आलं तरी त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. घरी आल्यावर मी पाणी तापवलं, तर माझ्या हातून तांब्या काढून घेतला आणि आतून दार लोटलं. बाहेर आला तेव्हा डोक्यात साबण तसाच होता. मी पुसायला गेलो तर मागे सरला. बापाने पोराची माफी मागितलेली मी कधी पाहिली नाही, आणि पाहिली असती तरी माझी मान एवढी वाकली असती की नाही, सांगता येत नाही. मी गुळाचा खडा पुढे केला. त्याने घेतला, खाल्ला नाही, कट्ट्यावर ठेवला. मुंग्या लागल्या त्याला.

दाखला या वेळी पाहिजे तसा आला. जागाही मिळाली. सोमवारी आम्ही तिघं जीपने नारायणगावला गेलो. जीपमध्ये बाजाराला निघालेली माणसं, एकाने विचारलं, पाव्हणं, कुठं निघाला? मला वाटलं सांगावं, भाच्याकडे. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, पोराला सोडायला. त्याने पुढं विचारलं नाही.

तिथल्या ताईंनी आम्हाला खोलीत नेलं. चार कॉट होत्या, त्यातली खिडकीजवळची त्याची. ताई विचारायला लागल्या, काय खातो, कशाला घाबरतो, रात्री काही त्रास असतो का. त्या माझ्याकडे बघून विचारत होत्या. मी तोंड उघडलं.

तो माझ्या आणि ताईंच्या मध्ये येऊन उभा राहिला. म्हणाला, "आबा, तुमी भाहेर."

मुलगी काही बोलणार होती. ताईंनी हाताने तिला थांबवलं. मी बाहेर आलो.

बाहेर मातीचे ढीग होते आणि काळ्या पिशव्या रांगेने लावलेल्या. चार-पाच जण मांडी घालून माती भरत होते. त्यातला एक मला म्हणाला, बसा. मी त्याच्याजवळ बसलो. तिथून खिडकीतून आतलं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. ताई कॉटवर बसल्या होत्या, तो उभा. त्या काही विचारायच्या, तो बराच वेळ घ्यायचा, त्या थांबायच्या. मी एवढं थांबलो नव्हतो कधी. मध्येच त्याने हात घशाला लावून काही सांगितलं, त्या हसल्या, तो पण हसला. मग त्याने मान खाली घातली आणि गादीवर हात ठेवला. तिथंच दोन-तीनदा थापटलं.

त्याने ते स्वतः सांगितलं.

ताईंनी नुसती मान हलवली. उठल्या, कपाटातून मेणकापड काढलं आणि त्याचं एक टोक त्याच्या हातात दिलं. दोघांनी मिळून ते गादीवर पसरलं, वर चादर घातली. कोपरा दुमडलेला राहिला तो त्याने ओढून सरळ केला.

मुलगी मला बोलवायला आली, आबा, या की, निघायच्या आधी त्याला भेटा. मी म्हणालो, गुडघा दुखतोय, तू भेटून ये. गुडघा दुखत होता, ते खोटं नव्हतं. पण आत जाऊन त्याच्यापुढं उभं राहायचं तोंड मला नव्हतं. शनिवारी आणायला मलाच जायचं आहे, आणि तेव्हा काय बोलायचं ते मला अजून सापडलेलं नाही.