फाटकाबाहेरची गुजरी

लग्न होऊन मी भंडाऱ्याला आले, ती सत्तरच्या दशकातली मधली वर्षं होती. शहरात राहायचं म्हणजे सगळं दाराशी मिळणार, असं मला वाटलं होतं. माझं माहेर सानगडीचं. घर तलावाच्या पाळीखाली. धानाच्या बांधीत डाळीसाठी लाखोळी पेरलेली असायची. तिचे कोवळे शेंडे खुडून आणले की संध्याकाळची भाजी झाली. शेताच्या कडेला धुऱ्यावर तूर, कुंपणावर वालाच्या शेंगा, परसात मुंगना. मुंगना म्हणजे शेवगा, हे मला पुण्याकडच्या एका शेजारणीने पुढे सांगितलं. भाजी कुठून येते, हा प्रश्न आमच्या घरी कुणाला कधी पडलाच नव्हता.

भंडाऱ्याला मात्र तो पहिल्याच आठवड्यात पडला. यांची नोकरी सरकारी कचेरीत. राहायला क्वार्टर मिळालं होतं, पण ते गावाबाहेर, नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. बैठ्या चाळींसारख्या रांगा, मध्ये नळ, चारी बाजूंनी तारेचं कुंपण आणि एक लोखंडी फाटक. शहराची रोजची गुजरी, म्हणजे भाजीबाजार, मोठ्या बाजाराजवळ भरायची. पायी जाऊन यायचं तर अर्धी सकाळ जायची. पुरुष कचेरीतून परतताना सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून काहीतरी आणत. पण त्या वेळेला उरलेली भाजी मान टाकलेली असायची. जवळ एकच किराणा दुकान होतं. तिथे टोस्ट, बिस्किटं, डाळ, तेल, बटाटे, कांदे. त्यामुळे क्वार्टरांत रोज भात, वरण आणि बटाट्याचा रस्सा. संध्याकाळी रांगेतून चालत गेलं तर प्रत्येक दारातून तोच वास यायचा.

आमच्या शेजारच्या क्वार्टरात यांच्याच कचेरीतल्या शिपायाचं कुटुंब होतं. त्याची बायको माझ्याहून थोडी लहान, कोंढ्याकडची. बोलायला मोकळी. तिची मुलगी पाचेक वर्षांची, दिवसभर माझ्या घरात. त्या वर्षी होळीच्या आधी मुलीला गोवर निघाला. गोवर गेला, पण पोर सुकली. जेवायला नको म्हणायची, जेवली तर भात आणि मीठ.

एका संध्याकाळी मी दारात तांदूळ निवडत बसले होते. अजून दिवे लागले नव्हते, उजेड पुष्कळ होता. मुलगी आपल्या दारातून माझ्याकडे यायला निघाली आणि मध्ये ठेवलेल्या बाजेवर सरळ जाऊन आदळली. रोजची बाज, रोजची जागा. मी तिला उचललं. तिने हात पुढे करून माझा चेहरा चाचपला आणि विचारलं, "काकू, दिवा काहून नाई लावला?"

मी लगेच तिच्या आईला हाक मारली. ती म्हणाली, "ताई, चार-पाच दिवस झाले, सांज झाली का ते मले चिकटूनच राहते. मले वाटलं, बिमारीतून उठली म्हणून लाड करून राहिली."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मुलीला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मुलीच्या पापण्या वर करून पाहिलं आणि सांगितलं, "हे रातांधळेपण आहे. वेळेवर आणलंत. गोवरानंतर अशी पुष्कळ मुलं येतात." त्यांनी मुलीच्या तोंडात पिवळं औषध घातलं, पुन्हा कधी यायचं ते सांगितलं आणि म्हणाल्या, "औषध मी देते आहे, पण घरी हिला रोज हिरवी पालेभाजी द्या. मुंगन्याचा पाला, चवळाई, पालक, काही चालेल. थोड्या तेलात परतून. पिकलेली पपई मिळाली तर फार चांगलं."

शेजारीण लगेच म्हणाली, "डॉक्टरीणबाई, आमच्या इकडं बटाट्याशिवाय काई भेटतच नाई. रोज कुठून आणू?"

डॉक्टरीणबाईंनी औषधाची चिठ्ठी माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, "ते मलाही नाही सांगता येणार. पण कुठूनतरी आणा."

परत येताना मुलगी माझ्या कडेवर होती, आणि दुपारच्या उन्हात तिला सगळं स्वच्छ दिसत होतं. रस्त्यावरची शेळी, पोस्टाची लाल पेटी, सगळं बोट करून दाखवत होती. ते पाहून जास्तच जीव तुटत होता.

आमच्या फाटकासमोरून पहाटे नदीकाठच्या गावांतल्या बाया डोक्यावर टोपली घेऊन गुजरीला जायच्या. त्यांचा बोलण्याचा आवाज मी रोज अंथरुणातून ऐकत असे. ती भाजी आपल्या दारावरून जाते आणि आपण ती गावातून सुकलेली आणतो, हे त्या दिवसापर्यंत माझ्या लक्षात कसं आलं नव्हतं, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी फाटकाबाहेर जाऊन उभी राहिले.

पहिल्या दोघी थांबल्याच नाहीत. तिसरी थांबली. चाळिशीची बाई, उंच, नऊवारी लुगड्याचा काष्टा मारलेला. टोपलीत चवळाई, वांगी आणि वरून सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या.

"मावशी, चवळाई द्या ना," मी म्हटलं.

"रस्त्यात नाई इकत, बाई. टोपली फुटली दिसली का अडत्या माल घेत नाई. म्हणते, चांगलं चांगलं वाटेत इकलं अन् कचरा माह्याकडं आणला."

"अन् सगळी टोपली आम्हीच घेतली तर?"

ती हसली. "तुमच्या घरी लगन आहे काय?"

मी तिला शेजारणीच्या मुलीची गोष्ट सांगितली. तिने टोपली डोक्यावरून उतरवली नाही, पण ऐकून घेतलं. मग चवळाईच्या दोन जुड्या काढून माझ्या हातात दिल्या. "पोरीले खाऊ घाला. टोपलीचं म्हणाल तं, आज घ्याल, उद्या दार लावून बसाल. मंग मी ना इकडची ना तिकडची. पहिले बाया गोळा करा, मंग मले आवाज द्या."

त्या दिवशी दुपारी मी आणि शेजारीण प्रत्येक रांगेतल्या प्रत्येक दारात गेलो. कुणी चटकन हो म्हणालं. कुणी म्हणालं, भाजी आणायचं काम आमच्या यांचं. एका साहेबांच्या बाई म्हणाल्या, "पाला तर खेड्यातले लोक खातात. फ्लॉवर येणार असेल तर सांगा." शेजारीण मागे फिरणार होती, पण मी तिचा हात धरून पुढच्या दारी नेलं. सगळं फिरून झालं तेव्हा एका टोपलीपुरत्या बाया जमल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी भाजीवालीला आवाज दिला, आणि अशी ती येऊ लागली. फाटकाच्या आत नळाजवळ करंजाचं झाड होतं, त्याच्या सावलीत टोपली ठेवायची. बाया पाणी भरायला येत, जाताना कळशीवर जुडी ठेवून नेत. सुरुवातीला कधी बाया कमी यायच्या. मग उरलेला पाला मी आणि शेजारीण वाटून घ्यायचो, कारण शब्द आम्ही दिला होता. आमच्याकडे सकाळी चवळाई, संध्याकाळी चवळाई. यांनी एकदा ताटाकडे पाहून विचारलं, "आपल्याकडे शेळी बांधली आहेस का? तिचं ताट चुकून मला आलं वाटतं." पण खाल्लं मुकाट्याने.

मुलीला पाला आवडायचा नाही. तिची आई तो बारीक चिरून, लसणावर परतून भातात कालवायची आणि गोळे करून हातावर ठेवायची. औषधाची दुसरी खेपही झाली. संध्याकाळी मुलगी अजून भिंत धरूनच चालायची, पण आता रडत नव्हती.

महिनाभर सुरळीत गेला असेल. मग एका सकाळी ती भाजीवाली आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या दुसऱ्या बाईला विचारलं, तेव्हा कळलं. क्वार्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या मुकादमाने तिला आदल्या दिवशी फाटकातच अडवलं होतं. भाजीच्या देठांमुळे आत गाई-बकऱ्या शिरतात अशी तक्रार गेली होती. तिने उलट बोलून पाहिलं, तर त्याने टोपली पायाने सरकवली. टोपली कलंडली. पहाटेची वेळ, आम्ही कुणी बाहेर नव्हतो. तिने भाजी गोळा केली आणि त्या दिवसापासून ती दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागली.

मला राग आला, आणि लाजही वाटली. मी यांना म्हटलं, "तुम्ही मुकादमाशी बोला." हे म्हणाले, "बोलतो. पण देठांचं तो खोटं सांगत नाही. कालच एक गाय आपल्या दारात होती."

तेही खरंच होतं. मग आधी आम्ही बायांनी ठरवलं, की जिची पाळी तिने झाडून काढायचं. पण झाडायला भाजीवाली तर हवी. रविवारी मी, शेजारीण आणि मुलगी अशा तिघी नदीकडे निघालो. उन्हाळ्याचे दिवस, वैनगंगेचं पाणी उतरलेलं. डोंग्यातून पलीकडे गेलो. रस्त्यावरच्या त्या बाईने सांगितलेलं तिचं गाव काठालाच होतं, पण ती घरी नव्हती. वाळूतल्या वाडीत होती. काकडीचे, डांगराचे वेल वाळूवर पसरलेले आणि ती मडक्याने आळ्यांत पाणी घालत होती.

आम्हाला पाहून ती थांबली नाही. म्हणाली, "इतक्या दूर कायले आल्या, बाई? भाजी गुजरीत भेटते."

"तुम्हाला बोलवायला आलो, मावशी."

"मी माल इकाले येतो, बोलणं खाले नाई." तिने मडकं खाली ठेवलं. "अडत्या पैसे कमी देते, पण माह्या टोपलीले पाय लावत नाई."

शेजारीण पुढे झाली. तिने वाळूत पडलेलं दुसरं मडकं उचललं, वाळूत खणलेल्या पाण्याच्या खड्ड्यातून भरलं आणि वेलांना पाणी घालायला लागली. ते पाहून भाजीवाली पुढच्या आळ्याकडे गेली. मी पदर खोचला. तिघी मिळून आम्ही ती रांग पूर्ण केली. तोवर सूर्य नदीपलीकडे टेकला होता.

मग तिने काकड्या तोडून दिल्या आणि विचारलं, "आत गाई शिरते म्हणते ना तो? मी आत येतच नाई. फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेले बसतो. तो रस्ता काही त्याचा नाई. पण पहिल्या दिवशी तुम्ही सगळ्या बाया तिथं पाह्यजे."

"असू," मी म्हटलं.

निघालो तेव्हा उजेड मावळत आला होता. वाळूत पाय रुतत होते. शेजारीण मुलीला उचलायला वाकली, पण मुलगी तिच्या हाताखालून निसटली आणि डोंग्याकडे पळत सुटली. वाटेत वेल होते, मडकी होती, मध्ये एक खड्डा होता. तिने खड्ड्याला वळसा घातला. मग वळून ओरडली, "आई, तुह्या पायापाशी काकडी पडली!"

खरंच पडली होती. पिशवीतून निसटलेली. तिची आई ती उचलायला खाली बसली आणि बसूनच राहिली. भाजीवालीने तिच्या पाठीवर हात ठेवला. औषधाने झालं की पाल्याने, हे मी पुढे डॉक्टरीणबाईंना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, दोन्हींनी. मला तेवढं उत्तर पुरलं.

सोमवारी सकाळी फाटकाबाहेर आम्ही सगळ्या उभ्या होतो. ज्या कधी भाजी घेत नसत त्याही आल्या होत्या, काय होतं ते पाहायला. मुकादम फाटकात आला, त्याने रस्त्याच्या कडेला बसलेल्या भाजीवालीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "देठं झाडून घ्याजा मात्र." तेवढंच. दोन-तीन महिन्यांनी तोही पिशवी घेऊन येऊ लागला. भाजीवाली त्याच्याशी फार बोलायची नाही, पण माप बरोबर द्यायची.

एकीचं पाहून दुसरी बसू लागली, मग तिसरी. ऐंशी साल उलटलं तोवर तिथे सकाळी चांगली रांग लागायची. पावसाळ्यात जंगलातला तरोटा, म्हणजे टाकळ्याची भाजी, आणि अंबाडी, हिवाळ्यात वालाच्या शेंगा आणि लाखोळी, उन्हाळ्यात नदीच्या वाळूतल्या काकड्या. कुणी तलावातले शिंगाडे आणायची. पलीकडच्या नव्या वस्तीतूनही लोक यायला लागले. कुणी त्या जागेला नाव दिलं नाही, पण रिक्षावाले "फाटकाची गुजरी" म्हणायला लागले होते.

सगळ्यांचं खाणं एकदम सुधारलं असं मी म्हणणार नाही. किराणा दुकानातले टोस्ट तितकेच खपत होते, आणि फ्लॉवर मागणाऱ्या बाई शेवटपर्यंत फ्लॉवरच मागत राहिल्या. पण संध्याकाळी रांगेतून चालताना आता लसणाच्या फोडणीचे, भाजलेल्या वांग्याचे, आंबट अंबाडीचे वेगवेगळे वास यायचे, आणि कुणाच्या घरी काय शिजतंय ते ओळखत जायला मला आवडायचं.

यांची बदली साकोलीला झाली तेव्हा सामान बांधून झाल्यावर मी भाजीवालीला सांगायला गेले. आता तिचे केस पांढरे होऊ लागले होते. मला वाटलं, ती हळहळेल. तिने वांगी मापायचं थांबवलं आणि विचारलं, "तिथं घराजवळ कोण बसते?"

"माहीत नाही, मावशी."

"मंग पहिले ते पाहा. घर मंग लावजा." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

साकोलीला ट्रकमधून सामान उतरत होतं. हे कुलपाची किल्ली शोधत होते. समोरच्या दारात एक बाई लहान मूल घेऊन उभी होती. मी तिच्याकडे गेले आणि विचारलं, "इथे सकाळची भाजी कुठे मिळते हो?"