चमचाभर मध

रिक्षा दारात येऊन थांबली होती, रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न वाजवत होता, आणि आई मला पाटावर बसवून माझ्या केसांना जवसाची खळ लावत होती. "अगं, गाडी चुकेल," मी म्हणत होते. "गाडी थांबेल, केस थांबायचे नाहीत," ती म्हणाली. आमच्याकडे सगळ्या बायकांचे केस कुरळे, स्प्रिंगसारखे. खळ लावून बोटांवर गुंडाळले की दिवसभर हलत नसत. आईने मला पत्ता विचारला नाही, पगार विचारला नाही. कृती मात्र तीनदा म्हणून घेतली: मूठभर जवस, चार वाट्या पाणी, चमच्याला तार सुटली की उतरव, गरम असतानाच जुन्या साडीच्या फडक्यातून गाळ आणि निवल्यावर चमचाभर मध. मधाची बाटली टॉवेलात गुंडाळून बॅगेत. "मध विसरू नकोस हं."

बँकेतली पहिलीच नेमणूक चेन्नईची. सोलापूरहून निघताना घट्ट बसलेल्या माझ्या बटा रेणीगुंटा स्टेशन यायच्या आतच फुगायला लागल्या, आणि चेन्नईत एग्मोरला उतरले तेव्हा डोक्यावर कापूस पिंजल्यासारखं झालं होतं. याला बावीस वर्षं झाली. तुम्ही जे तिकडेच राहिलात, तुम्हाला वाटत असेल की परगावी माणसाला भाषेचा त्रास होतो. भाषा येते हो. केस ऐकत नाहीत. दर रविवारी खळ शिजवायची आणि सोमवारी वैतागून ती धुऊन टाकायची, असं दोन वर्षं केलं. मग इथल्या बायकांसारखी तेल लावून घट्ट वेणी घालायला लागले, वर मोगऱ्याचा गजरा. आईला फोनवर सांगायचे, "हो, लावते ना खळ." ती दर वर्षी कुणाबरोबर तरी मध पाठवत राहिली.

हे असंच चाललं असतं. पण माझ्या मुलीने, ईराने, कॉलेजात गेल्यावर जाहीर केलं की ती केस कायमचे सरळ करून घेणार. पार्लरमध्ये शनिवारची वेळही घेऊन आली. मैत्रिणींचे केस पाठीवर रेशमासारखे पडतात आणि हिला वर्गात म्हणे 'भांडी घासायची जाळी' म्हणतात. मला इतका राग आला की काही सुचेना. हे केस माझे होते, माझ्या आईचे होते. केमिकल लावून ते सपाट करायचे म्हणजे आमचं कुणाचंच तिच्यात काही उरू द्यायचं नाही असं मला वाटलं, आणि मी ते तसंच बोललेही. बरीच रडारड झाली. शेवटी तह झाला. शनिवारच्या आत एक दिवस, फक्त एक दिवस, माझी खळ सकाळपासून संध्याकाळपर्यंत टिकली, तर ती पार्लरला नाही म्हणणार. तिचं कॉलेज चेन्नईजवळच्या कोवलम गावाच्या पुढे. बसच्या खिडकीतून सबंध रस्ताभर समुद्राचा वारा.

सोमवारी जवस शिजले आणि नेमका बँकेतून फोन आला. दहा मिनिटांत खळ निवली आणि फडक्यातून एक थेंब उतरेना. पिळून पिळून मनगट दुखलं, फडकं फाटलं, जवस ओट्यावर. मंगळवारी नीट गाळली, मध घातला. ईरा संध्याकाळी परतली ती चिकट जटा घेऊन, त्यावर रस्त्याची धूळ. मी आईला फोन केला. "मध कमी पडला असेल," आई म्हणाली. "दोन चमचे घाल." मी आज्ञाधारक! त्याच रात्री दोन चमचे घातले. रात्रभर भांड्याला मुंग्या, बुधवारी सकाळी डोक्याला खळ, आणि संध्याकाळी दारात उभी राहून ईरा म्हणाली, "पोदुम आई, पोदुम!" म्हणजे पुरे. तिला मराठीत चिडता येत नाही, याचाही मला त्या दिवशी राग आला.

शेजारच्या सुंदराबाई आवाज ऐकून आल्या. त्यांचे लोक कित्येक पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून तंजावरला आलेले, मराठी अजून त्या काळची. त्यांनी ईराची एक बट दोन बोटांत धरून पाहिली, बोटं हुंगली आणि म्हणाल्या, "काय गे हें? मध घातलास?"

"आमच्याकडे घालतात," मी म्हटलं.

"तुमच्या गावचें वारें सुकें. मध तण्णी ओढून आणतो, केंसांस बरें. येथें वाऱ्यांतच तण्णी आहे. आणखी कशास बोलावतेस?"

तण्णी म्हणजे पाणी. इतकी साधी गोष्ट. रोज सकाळी मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकणारी मी, पापड डब्यातच सादळतात म्हणून कुरकुरणारी मी, त्या एका चमच्याचा मला बावीस वर्षांत संशय आला नाही. आईने समुद्र पाहिलेला नाही, तिला कसं कळणार? पण मला?

गुरुवारी मध घातला नाही. तो चमचा कोरडा ठेवताना हात अडखळला, खोटं का सांगू. संध्याकाळी ईरा बसमधून उतरली तेव्हा मी गॅलरीत उभी होते. बट न् बट जागेवर होती. अगदी आईसारखी. तिने वर बघून दोन्ही हातांनी केस उडवून दाखवले.

आईचा फोन आला. "दोन चमचे घातलेस ना मध?" "हो," मी म्हटलं. ईराने फोन हिसकावून घेतला आणि आनंदाने सांगितलं, "आजी, मध घातलाच नाही! म्हणून तर टिकले!"

स्पीकरवरून आई म्हणाली, "मग ती तुझ्या आईची खळ झाली. माझी नव्हे," आणि तिने फोन ठेवला.

माझी दोन दिवस चिडचिड झाली. ईरावर, खरं बोलली म्हणून. आईवर, रुसली म्हणून. या खाऱ्या, ओल्या गावावर तर नेहमीचीच. काय मागितलं होतं मी? आईची एक गोष्ट इथे आणून जशीच्या तशी चालावी, एवढंच ना! तेवढंही नाही. शनिवारी पार्लरचा फोन आला, तो ईराने कट केला, तरी माझं तोंड फुगलेलंच होतं.

रविवारी उठले तर ईरा ओट्यापाशी. चमचा उचलून तार बघत होती आणि स्वतःशीच पुटपुटत होती, "मूठभर जवस, चार वाट्या पाणी, तार सुटली की उतरव, गरमच गाळ, मध नको." शेवटचे दोन शब्दही तिने इतरांच्याच सुरात म्हटले, जणू कृती पहिल्यापासून तशीच होती.

"सोलापूरला गेल्यावर मात्र घालायचा असतो हं मध," मी घाईघाईने म्हटलं.

"तिथे आजी घालेलच की," ती म्हणाली, आणि फडकं ताणून धरण्यासाठी त्याची दोन टोकं तिने माझ्या हातात दिली.