सुपरवायझरसाहेबांना मिळालेली बहीण

बाटल्यांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं सुपरवायझरकी केल्यावर माणूस निवृत्त होतो, पण त्याच्यातला सुपरवायझर काही निवृत्त होत नाही. चर्चच्या पंचांनी साहेबांना एकमताने सेक्रेटरी केलं तेव्हा हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्याच रविवारी दाराशी फळा लागला. त्यावर कामं, कामांपुढे माणसं, माणसांपुढे तारखा. आजाऱ्यांच्या भेटीला प्रत्येकी बारा मिनिटं, प्रार्थना धरून. एका म्हातारबुवांनी आपलं दुखणं कंबरेपासून सांगायला घेतलं, तर ते गुडघ्यापर्यंत पोचायच्या आत साहेब 'आमेन' म्हणून चपला शोधायला लागले.

"अहो, तो माणूस आहे, बाटली नव्हे," बायको म्हणाली.

"बाटली कुरकुर तरी करत नाही," साहेब म्हणाले.

अशात बिशप येणार असं ठरलं. चर्चची बारा बाकं घासून त्यांना व्हार्निश द्यायचं होतं. मंडळीतल्याच एका सुताराने हे काम सेवा म्हणून अंगावर घेतलं होतं. आठ दिवस झाले, तरी घासून झाली होती तीन. शनिवारी सकाळी तर तो आलाच नाही आणि फोनही उचलेना. साहेबांनी फळ्यावर त्याच्या नावाभोवती लाल गोल काढला आणि तडक त्याचं घर गाठलं.

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. सुताराने दार उघडलं. डोळे लाल, सदरा उलटा.

"येणारच होतो, साहेब. पण आई..."

"आई सगळ्यांनाच असते," साहेब म्हणाले.

तेवढ्यात आतल्या खाटेवरून आवाज आला, "कोण आलंय रे?" म्हातारी चिमणीएवढी, पण आवाज हवालदाराचा. साहेबांना बघताच तिचा चेहरा उजळला. "ठोंब्या! आलास होय रे शेवटी?"

सुतार साहेबांच्या कानाशी लागला. "मामा समजतेय तुम्हाला. मामा जाऊन वीस वर्षं झाली, तिच्या लक्षात राहत नाही. मलाही ओळखत नाही आता. त्याला शोधायला म्हणून केव्हाही उठून दाराबाहेर पडते. दिवसा थोडा वेळ शेजारीण बसते, आज तीही नाही; आठ रात्री दाराला पाठ लावून बसतोय मी. डोळ्याला डोळा नाही."

"अरे, मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही रोज विचारायचात, बाकं किती झाली? मी बाकांचं सांगायचो."

म्हातारीने साहेबांचं मनगट धरून त्यांना खाटेवर बसवलं.

"आधी हे सांग, माझी शाईची दौत कोणी सांडली?"

"मला नाही माहीत, मावशी."

"मावशी? थोरल्या बहिणीला मावशी म्हणतोस?" आणि फाडकन एक चापट.

साहेबांना बहीण नव्हतीच. जन्मात पहिल्यांदा ते म्हणाले, "ताई, मीच सांडली."

"कबूल करायला म्हातारं व्हावं लागलं!"

सुतार खुदकन हसला. "पाच मिनिटं डोळे मिटतो," म्हणून भिंतीला टेकला आणि अर्ध्या मिनिटात करवतीसारखा घोरायला लागला. साहेबांनी घड्याळ बघितलं. पाच मिनिटं झाली, सहा झाली. त्यांनी त्याला हलवायला हात पुढे केला.

"खबरदार!" म्हातारी ओरडली. मग हळू आवाजात म्हणाली, "झोपू दे त्याला. कोणाचं पोर आहे देव जाणे, पण गुणी आहे. मला भरवतं."

साहेबांचा हात हवेतच राहिला. फोन वाजत होता: फुलवाला, रंगारी, लाउडस्पीकरवाला. त्यांनी तो बंद करून खिशात टाकला. पाच तास ते ठोंब्या होते. तेराच्या पाढ्यात दोनदा चुकले आणि दोन्ही वेळा कान उपटून घेतला.

सुतार दचकून जागा झाला. "साहेब, बाकं!"

"राहू देत," साहेब म्हणाले. हा शब्द तोंडातून कसा निघाला याचं त्यांनाच नवल वाटलं.

पण जित्याची खोड. परत येऊन घासलेल्या तीन बाकांना त्यांनी स्वतःच व्हार्निश फासलं, पावावर जॅम लावतात तसं. रविवारी बिशपसाहेबांना मानाने पुढच्याच बाकावर बसवलं. प्रार्थनेला ते उठले, झगा मात्र बसूनच राहिला. चर्रर्र!

साहेब उभे राहिले. "चूक माझी आहे. काम अर्धवट आहे, कारण काल मी सुताराला झोपू दिलं. आठ दिवस आधीच द्यायला हवं होतं." आणि घडलं ते सगळं सांगून टाकलं.

बिशपसाहेबांनी मागे वळून झगा बघितला. "त्या माउली आत्ता घरी एकट्याच आहेत?"

"नाही. माझी बायको आहे."

"तिला काय समजतात त्या?"

"भावजय. सकाळपासून बोलणी खातेय."

आधी बिशप हसले, मग मंडळी. त्या आठवड्यापासून मंडळीतलं कोणी ना कोणी रोज म्हातारीकडे जायला लागलं. कोणी चुलती झालं, कोणी शेजारीण, खजिनदार तर पोस्टमन. सुताराला झोप मिळाली आणि राहिलेली नऊ बाकं त्याने दोन महिने लावून, गाणी म्हणत केली. पंचांच्या सभेत साहेब आता आधी प्रत्येकाला "कसं काय चाललंय?" असं विचारतात. पहिल्यांदा सवयीने पुढे "थोडक्यात सांगा" म्हणाले, मग ओशाळून म्हणाले, "नाही, सावकाश सांगा." तेव्हापासून सभा तीन तास चालतात आणि त्याबद्दल त्यांच्याविरुद्ध तक्रार चर्चच्या पाळकांपर्यंत गेली आहे.

बुधवार साहेबांचा. एका बुधवारी म्हातारीने सुताराकडे एकटक बघितलं आणि त्याला त्याच्या लहानपणीच्या नावाने हाक मारली. सुतार तिच्या मांडीत डोकं खुपसून रडला. जरा वेळाने तिने कोपऱ्यात बसलेल्या साहेबांकडे संशयाने बघत त्याला विचारलं, "हा म्हातारा कोण रे?"

"आपलाच आहे, आई."

"मग चहा टाक की."

साहेबांनी नुसती चिमटीने खूण केली, साखर कमी म्हणून.