अठ्ठावन्न टक्क्यांचा पेपर

उमरीची धम्मप्रिया आठ वर्षं नांदेडच्या एका कॉलेजात प्रोपेन वायू तापवत होती. साडेपाचशे अंशांवर तो झिओलाइट नावाच्या पांढऱ्या भुकटीतून सोडला की त्याचं बेंझीन, टोल्युइन आणि थोडं इथिलीन होतं. किती होतं, एवढाच तिच्या पीएचडीचा प्रश्न. तिचं उत्तर चौतीस टक्के. तिचे गाइड रेणुकादास सर आणि त्यांचा जुना विद्यार्थी अंबरीश यांच्या गाजलेल्या पेपरात मात्र अठ्ठावन्न होतं, आणि तो पेपर भिंतीवर फ्रेममध्ये होता. फ्रेममधल्या आकड्याशी वाद घालायची प्रयोगशाळेत पद्धत नव्हती.

"शेजारणीच्या पोरीची दोन लेकरं शाळेत गेली," आई, कोंडाबाई, म्हणायची. "तुजी नळी अजून तापूनच राहिली का?"

"हाव," धम्मप्रिया म्हणायची.

जूनमध्ये सर रिटायर होणार होते. त्याआधी आकडा जुळला नाही, तर प्रबंधावर सही नाही. मार्चमध्ये तिने भुकटी पाचव्यांदा नव्याने केली. आकडा पुन्हा चौतीस. लॅब अटेंडंट साहेबरावमामा नळ्या पुसत होते.

"ताई, अंबरीश सरच्या टायमाला लवकर झालतं. गॅस संपला, टेंडर लटकलं, मग म्याच घरची टाकी आणून दिलो. आठ दिस मंडळी चुलीवर करून राहिली. लई शिव्या खाल्लो."

धम्मप्रियाच्या हातातली वही तशीच राहिली. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये ब्युटेनही असतो, आणि त्यापासून बेंझीन-टोल्युइन प्रोपेनपेक्षा सहज होतं. पेपरात मात्र छापलं होतं: शुद्ध प्रोपेन.

"मामा, एकदा अजून आणता?"

"अन् शिव्या तुमी खाता का?"

टाकी आली. आकडा सत्तावन्न पूर्णांक आठ.

सर खुर्चीतून उठले. "झालं की! लिही, प्रोपेन."

"सर, हा मामांच्या घरचा गॅस आहे. तेव्हाचाही तोच होता."

सरांनी चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला. "अंबरीश प्राध्यापक झाला. मला पुरस्कार मिळाला. आता कोणाचं वाटोळं करायचंय तुला?"

"माझंच उरलंय, सर."

तिने प्रबंधातल्या तक्त्यात दोन्ही आकडे लिहिले, समोर दोन्ही वायू. सरांनी नाही म्हटलं नाही. प्रबंध सही न करता कपाटात ठेवला आणि जूनमध्ये ते सन्मानाने निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, फोटोत मागे ती फ्रेम. नवा गाइड शोधायला ती विद्यापीठात गेली. कारकुनाने यादीवर बोट फिरवलं. या विषयाला मान्यता असलेला एकच गाइड उरला होता: डॉ. अंबरीश, लातूर.

एसटीने अहमदपूरमार्गे ती लातूरला गेली. अंबरीश सरांनी चहा मागवला, प्रबंधाची प्रत चाळली आणि त्या तक्त्यावर थांबले.

"घरच्या गॅसची एवढी एक ओळ काढ. आत्ता सही करतो."

धम्मप्रियाने चहाकडे पाहिलं. आठ वर्षं. कोंडाबाई. पलीकडे सरांचं पेन, टोपण काढलेलं.

"ओळ राहू द्या, सर."

"मग बाहेर थांब. विचार करतो."

ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली. सव्वाअकरा झाले होते. नांदेडची शेवटची गाडी साडेसहाला होती, त्यामुळे सरांना विचार करायला वेळ भरपूर होता. शिपाई येऊन पंखा बंद करून गेला.