तिठ्यावरचं भांडण

“फणसाला तिकीट? मग त्याला सीट दे. खिडकीची दे! हा बघ, उभा राहून राहून त्याचा चीक गळायला लागला!”

सकाळचे सात वाजून पाच मिनिटं. रत्नागिरीला जाणारी आमची एसटी तिठ्यावर उभी, आणि दारातल्या पायरीवर, लहान मूल धरावं तसा फणस छातीशी धरून दाजी शिवगण कंडक्टरवर गरजत होते. फणस त्यांचा नव्हता. मागच्या बाकावरच्या काशीआजीचा होता आणि ती बिचारी तिकीट काढायला तयार होती. दाजी तिला काढू देत नव्हते. “आजये, तू गप ऱ्हा. हा तत्त्वाचा प्रश्न हाय.”

त्या गाडीतला माझा तो पहिलाच दिवस. मला वाटलं, आता रक्त सांडणार. पण बाकीची गाडी देवळात कीर्तन ऐकावं तशी शांत. कुणी डबा उघडून सावकाश पोळी खातोय, कुणी मोबाइल पुसतोय. तेवढ्यात मोहल्ल्याची घाटी चढून एक मुलगी वर आली. डावा पाय ओढत, ओढणीने घाम टिपत. ती गाडीत चढली, दाजींकडे बघून म्हणाली, “दाजी, तुमच्या भांडणापायी आमची नोकरी जायची एक दिवस.”

दाजींनी मान खाली घातली. “चुकलं गो पोरी.” फणस आजीच्या मांडीवर ठेवला, तिकिटाला मुकाट्याने होकार दिला आणि जागेवर जाऊन बसले. कंडक्टर गुरवांनी डबल बेल दिली.

दाजी कोर्टात पट्टेवाले. पक्षकारांच्या नावाचा पुकारा करायचं काम. तीस वर्षं व्हरांड्यात उभं राहून ओरडल्यामुळे त्यांचा आवाज असा तयार झाला होता की त्यांनी एखादं नाव पुकारलं की मांडवीच्या जेटीवरच्या होड्या नांगर उचलायच्या. एकदा तर त्या नावाचा माणूस पार नाटे गावाहून धावत आला म्हणतात, आणि त्याची केसच नव्हती. साक्षीदार म्हणून मला कोण मिळणार, पण होड्यांचं मी स्वतः पाहिलंय. निदान एका होडीचं.

असा माणूस रोज भांडायचा, आणि भांडायचा फक्त तिठ्यावर. सोमवारी गावाची पाटी वाकडी लावली म्हणून. मंगळवारी ड्रायव्हर आरशातून आपल्याकडे वाईट नजरेने बघतो म्हणून. एका बुधवारी तर गाडीचा हॉर्न आपल्या कैलासवासी सासऱ्यासारखा वाजतो, ही बदनामी आहे, म्हणून. गुरवही तोडीस तोड. वेळेचे इतके पक्के की आमच्याकडचे कोंबडे त्यांची बेल ऐकून आरवत. ते घड्याळ पुढे करायचे, दाजी त्या घड्याळाची लायकी काढायचे.

महिनाभराने मी वैतागलो. मी नोकरीला वाचनालयात, तिथे जांभईसुद्धा दबक्या आवाजात द्यावी लागते. सकाळी सकाळी हा कल्लोळ मला सोसेना. काशीआजीला म्हटलं, “या माणसाला कुणी आवरत का नाही?”

आजीने मला जवळ ओढलं. “नसीमा बघितलीस ना? दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसते. तीनदा उशीर झाला की काढून टाकणार, असं सांगितलंय तिला, आणि दोनदा झालाय. आजारी आईला भरवून मग घाटी चढते. पुढची गाडी साडेनवाला. मागे एका भल्या माणसाने इथनं हाक मारली, ‘थांबवा हो, लंगडी पोर येतेय.’ तिने ऐकलं. तिथूनच मागे फिरली ती. तो उशीर पहिला.”

म्हणजे गाडी थांबायला हवी होती, पण तिच्यासाठी नव्हे.

त्या दिवशी स्टँडवर उतरल्यावर मी दाजींच्या बरोबर चालू लागलो. विषय काढणार, तोच ते आपणहून म्हणाले, “मी जन्मभर माणसांची नावं पुकारली. चारचौघांत नाव पुकारलं ना, की सज्जन माणूसही गुन्हेगारासारखा उठतो. ते कोर्टात ठीक हाय.” कोर्टाच्या फाटकाशी वळताना एवढंच म्हणाले, “तुमचा आवाज जरा बारीक पडतो, नाय?”

त्याचा अर्थ मला गेल्या वैशाखात कळला. दाजी निवृत्त झाले. दुसऱ्या दिवशी गाडी तिठ्यावर लागली, चढणारे चढले. नसीमा घाटीच्या निम्म्यावर. सबंध गाडी माझ्याकडे बघायला लागली. मी उठलो, गुरवांसमोर छाती काढून उभा राहिलो, आणि तोंडातून निघालं काय, तर, “तब्येत बरी आहे ना तुमची?”

“बरी आहे,” गुरव म्हणाले. हात बेलच्या दोरीकडे गेला. काशीआजीने डोळे मिटले.

हात दोरीला लागलाच नाही. “तुमची छत्री वाटेत येतेय,” गुरव मला म्हणाले.

“माझ्याकडे छत्री नाही.”

“मग आहे कुणाची? मी आत्ता अडखळलो. शोधा. छत्री मिळाल्याशिवाय गाडी हलायची नाही.”

भर वैशाखात सबंध गाडी सीटांखाली वाकली. एकाने चपला वर केल्या, काशीआजीने आपली पिशवी उपडी केली. ड्रायव्हरने तर खाली उतरून चाकाखाली पाहिलं. अशी कसून झडती पोलिसांनीही कधी घेतली नसेल. नसीमा वर चढली.

“आता काय हरवलं?”

“यांची छत्री,” गुरव म्हणाले.

तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. “दाजी गेले म्हटलं, तर हे सुरू झाले,” म्हणाली, आणि जाऊन बसली. डबल बेल वाजली. दवाखान्याची खिडकी त्या दिवशी आठला उघडली.

संध्याकाळी मी तडक दाजींच्या घरी गेलो. ते अंगणात कोकमासाठी रातांबे फोडत बसले होते. सगळं सांगितलं, छत्रीसकट, थोडं वाढवूनच. “म्हणजे गुरवांना ठाऊक होतं, दाजी. पहिल्यापासून.”

दाजींनी हातातला रातांबा फोडला, बिया एकीकडे टाकल्या, साल दुसरीकडे.

“मग? एकट्याला भांडण जमतंय होय?”